लाइट गेली की हॉलमध्ये पाणी: माशांच्या मोठ्या टाकीचा संप पुन्हा पुन्हा का उतू जातो

लाइट गेली, पंप थांबला, आणि पाच-सात मिनिटांत टाकीखालच्या कपाटाच्या फटीतून पाणी बाहेर यायला लागलं. जळगावात आमच्या हॉलमध्ये हे तीन वेळा झालं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. पहिल्या खेपेला त्या पाण्यात एक्स्टेंशन बोर्ड पडलेला होता आणि सासूबाई अनवाणी पायांनी, हातात फडकं घेऊन पुसायला वाकल्या होत्या. त्या क्षणी लाइट परत आली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. ज्यांची टाकी अजून कागदावरच आहे त्यांनी तर नक्की वाचा, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी टाकी भरल्यावर बदलणं फार जिकिरीचं होतं.

आमची टाकी ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. पाणी साधारण ६८० लिटर. काच, वाळू, लोखंडी स्टँड आणि संप धरून वजन टनाच्या आसपास जातं, म्हणून ती तळमजल्यावरच ठेवली. खाली ४ फूट × दीड फूट × दीड फूट मापाचा संप, म्हणजे पाणी गाळायची खालची टाकी. त्यात तीन कप्पे: पहिल्यात स्पंज, मधल्यात मीडिया म्हणजे पाणी गाळणारं साहित्य, शेवटी पंप. मासे गोड्या पाण्यातले, ऑस्कर आणि सिल्व्हर डॉलर. पाणी वरच्या ओव्हरफ्लोमधून आपोआप खाली येतं आणि पंप ते परत वर ढकलतो. चालू असताना ही व्यवस्था इतकी शांत चालते की तिच्यात काही चूक असेल असं वाटतच नाही. चूक दिसते ती पंप थांबल्यावर.

पहिला पूर: पाणी उलटं का आलं

त्या दिवशी प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, संप लहान पडतोय, मोठा बनवून घ्या. मला ते पटलं होतं आणि काचवाल्याला मापंही देऊन झाली होती. तेवढ्यात सावद्याहून मामा आले. त्यांची केळीची बाग आहे, सगळी ठिबकवर. त्यांनी टाकीपाशी उभं राहून पंपाचा पाइप वरून खालपर्यंत हातानं चाचपला आणि एकच प्रश्न विचारला: "पोरी, मोटर बंद झाली की या पाइपला हवा कुठून मिळते?"

शेतातली मोटर बंद झाली की लाइनमधलं पाणी उताराकडे ओढलं जातं आणि मागे पोकळी होते. तिथे हवा शिरायला वाट नसेल तर ड्रिपर उलटे चोखतात आणि मातीचं पाणी नळीत घेतात. म्हणून शेतकरी लाइनच्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवतो. माझ्या टाकीत हेच घडत होतं. वर पाणी सोडणारं तोंड, ज्याला आपण रिटर्नचं नोझल म्हणतो, ते पाण्याच्या पृष्ठभागापासून ५ इंच खाली होतं. पंप थांबला की तोच पाइप सायफन व्हायचा आणि वरचं पाणी पंपातून उलटं संपमध्ये यायचं. नोझल उघडं पडून हवा ओढेपर्यंत हे थांबत नाही.

याचा हिशेब फुटात केला की अगदी सोपा होतो. ६ × २ म्हणजे १२ चौरस फुटांची टाकी. तिच्यातलं १ इंच पाणी म्हणजे बरोबर १ घनफूट, म्हणजे २८ लिटर. संप ४ × दीड, म्हणजे ६ चौरस फूट. तिथे १ इंच म्हणजे १४ लिटर. थोडक्यात, वरचा १ इंच खाली २ इंच होऊन येतो. नोझल ५ इंच खाली, म्हणजे १४० लिटर खाली येणार आणि संपला १० इंच जागा लागणार. माझा संप १८ इंच उंच, चालू असताना पाणी ११ इंचांवर. शिल्लक ७ इंच, म्हणजे ९८ लिटर. उरलेलं ४० लिटरच्या वरचं पाणी फरशीवर. आमच्या पुसण्याच्या बादल्यांचा आकडाही जवळपास तेवढाच होता.

संप मोठा करायची गरजच नव्हती. नोझल वर उचललं, आता ते पृष्ठभागाच्या १ इंच खाली आहे. शिवाय पाइपला पृष्ठभागाच्या अर्धा इंच खाली ६ मिलिमीटरचं भोक पाडलं. पंप चालू असताना त्या भोकातून थोडं पाणी टाकीतच उडतं, त्यानं काही बिघडत नाही. पंप थांबला आणि पातळी अर्धा इंच उतरली की भोक हवा घेतं आणि सायफन तुटतो. आता लाइट गेल्यावर संप जेमतेम दोन इंच चढतो.

स्वतःच्या टाकीचं तपासायचं असेल तर फूटपट्टी घ्या. चालू टाकीत पृष्ठभागापासून नोझलच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. टाकीचं क्षेत्रफळ भागिले संपचं क्षेत्रफळ, गुणिले ते अंतर, एवढं पाणी संपमध्ये चढणार. त्यात पाइपमधल्या पाण्यासाठी अर्धा-पाऊण इंच धरा. संपमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल तर आज ना उद्या पाणी बाहेर येणारच.

दुसरा पूर: एनआरव्हीवर विसंबले

खरं तर मामा जाताना फक्त भोकाचं सांगून गेले होते; नोझल तेव्हा अजून ५ इंच खालीच होतं, ते नंतर वर घेतलं. पण दुकानदारानं एनआरव्ही दाखवला, म्हणजे पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह, आणि मला वाटलं की हा असला म्हणजे भोकाची काळजी नको. सहा-सात महिने खरोखरच काही झालं नाही. मग श्रावणात एका रात्री पुन्हा तेच.

व्हॉल्व्ह खोलून पाहिला. पाणी अडवणाऱ्या झडपेच्या कडेला क्षाराचे पांढरे खडे बसले होते आणि तांदळाएवढी एक गोगलगाय अडकलेली होती. झडप नखभर उघडी राहत होती, पण सायफनला तेवढी फट पुरते. दरम्यान वरचं भोकही शेवाळानं बुजलं होतं, कारण मी ते साफ करणं सोडून दिलं होतं. आपल्याकडे बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं, जड असतं. गिझरचं कॉइल आणि कुलरची जाळी जशी पांढरी पडते तशीच एनआरव्हीची झडपही पडते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: खान्देशातल्या पाण्यावर एनआरव्ही हा मुख्य उपाय होऊ शकत नाही. लावायचा असेल तर दोन्ही बाजूंना युनियन देऊन लावा, म्हणजे खोलता येईल; तीन महिन्यांनी व्हिनेगरमध्ये बुडवून घासा; आणि तो नाहीच असं समजून संपचा हिशेब करा. भोक मात्र दर रविवारी टूथपिकनं साफ करायचं.

तिसरा पूर: लाइट आल्यावर

याला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण या वेळी पाणी खालून नाही, वरच्या काचेवरून सांडलं. जूनचं पहिलं वादळ होतं. सावद्याकडे केळी आडवी झाल्याचे फोन येत होते आणि इकडे तीन तासांनी लाइट आली. पंप सुरू झाला, पाणी वर जाऊ लागलं, पण खाली येईना.

आमच्या ओव्हरफ्लोत दोन पाइप आहेत, दीड-दीड इंची. एक भरून वाहणारा, ज्याच्यावर गेट व्हॉल्व्ह लावून प्रवाह जुळवलेला आहे. तो नीट जुळला की गुडगुड आवाज पूर्ण बंद होतो. दुसरा आपत्कालीन, एरवी कोरडा. भरून वाहणाऱ्या पाइपाचं खालचं टोक मी संपच्या पाण्यात चांगलं ६ इंच बुडवलं होतं, आवाज कमी व्हावा म्हणून. चूक तिथे होती. पंप बंद असताना या पाइपात हवा भरते. पंप सुरू झाल्यावर वरून येणाऱ्या पाण्यानं ती हवा खालच्या टोकातून बाहेर ढकलायची असते. टोक ६ इंच पाण्याखाली असेल, त्यात लाइट गेल्यामुळे संपची पातळी आणखी चढलेली असेल, तर हवा बाहेर पडत नाही, पाइपात कोंडून राहते आणि प्रवाह सुरूच होत नाही. ते टोक चालू पातळीच्या १ इंचच खाली ठेवायचं. एवढं कापून टाकलं आणि तेव्हापासून पाइप दर वेळी मिनिट-दीड मिनिटात प्रवाह धरतो.

मग आपत्कालीन पाइप कशाला होता? त्याचं तोंड टाकीच्या कडेच्या जेमतेम पाव इंच खाली होतं आणि त्यावर मासा जाऊ नये म्हणून मी जाळी बसवली होती. जाळीवर पान येऊन बसलं. आता तोंड कडेपासून दीड इंच खाली आहे, जाळी काढली आहे, आणि या पाइपावर कुठलाही व्हॉल्व्ह नाही. आपत्कालीन पाइपावर व्हॉल्व्ह ठेवला तर कधीतरी कुणीतरी तो बंद करतंच.

याच्या जोडीला आणखी एक हिशेब लागतो, तो टाकी बनवतानाच करायचा. खाली येणारे दोन्ही पाइप तुंबले तर पंप किती पाणी वर चढवू शकेल? फक्त स्वतःच्या कप्प्यातलं. माझा पंपाचा कप्पा १ फूट × दीड फूट, पाणी १० इंच, म्हणजे ३५ लिटर. वर ते सव्वा इंच होतं. टाकीची पातळी कडेपासून २ इंच खाली ठेवली तर सगळे पाइप तुंबले तरी फरशी कोरडी राहते. पंप कोरडा चालून जळेल, पण ते नुकसान परवडतं. म्हणून काचवाल्याला पंपाचा कप्पा मोठा करायला सांगू नका.

छोट्या कप्प्याची अडचण उन्हाळ्यात येते. बाष्पीभवनानं कमी होणारं पाणी बाकी कुठेच कमी दिसत नाही, सगळं पंपाच्या कप्प्यातूनच उतरतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या घरात असतो, वर पंखा लावलेला, तेव्हा दिवसाला १०-१२ लिटर सहज उडतात, म्हणजे या कप्प्यात तीन इंच. दोन दिवस गावाला गेलं की पंप हवा ओढायला लागतो. त्यासाठी कुलरचाच फ्लोट व्हॉल्व्ह लावला, पण तो छतावरच्या टाकीला जोडलेला नाही. शेजारी २० लिटरचा कॅन उंचावर ठेवलाय, त्याला जोडलाय. फ्लोट अडकला तरी वीस लिटरच येतील. कॅनमध्ये आरओचं पाणी भरते, कारण उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. बोअरचंच पाणी टाकत राहिलं तर ते साचत जातात.

पाइपाबद्दल राहिलेलं थोडक्यात. जळगाव पीव्हीसी पाइप आणि ठिबकचं गाव, त्यामुळे फिटिंग वाटेल ते मिळतं. यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसीचं सोल्युशन वेगवेगळं असतं, प्लंबरच्या पिशवीत जो डबा असेल तो चालवू देऊ नका. आट्यांच्या जोडाला सफेदा आणि धागा नको, टेफ्लॉन टेपच वापरा. पितळी कॉकही नको, कारण पाण्यात उतरणारं तांबं आणि जस्त माशांना आणि गोगलगायींना सोसत नाही. खाली येणाऱ्या पाइपाला काटकोनी एल्बोऐवजी दोन ४५ अंशांचे वापरा. पंपाच्या पाइपावर एक टी आणि बॉल व्हॉल्व्ह काढून ठेवला की पाणी बदलताना ते थेट अंगणात सोडता येतं. आमच्या मोगऱ्याला तेच पाणी जातं.

बोर्ड, वायर आणि अर्थिंग

पहिल्या पुरानंतर मी तो एक्स्टेंशन बोर्ड उचलून उजेडात पाहिला. पंपाच्या काळ्या वायरवर, टाकीच्या कडेपासून थेट प्लगच्या पिनांपर्यंत, एक बारीक पांढरी रेघ होती. नखानं खरवडली तर पूड निघाली. क्षाराचीच ती. म्हणजे पूर येण्याच्या कितीतरी आधीपासून पाण्याचे थेंब वायरवरून ओघळत सॉकेटपर्यंत जात होते आणि वाळत होते. आज आपापल्या टाकीमागच्या वायरी बॅटरी लावून पाहा. अशी रेघ दिसली तर आधी मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टर असेल तर तोही, मग पुढचं.

उपाय साधा आहे. वायर टाकीतून निघून सॉकेटच्या खाली ओघळू द्यायची आणि तिथून पुन्हा वर नेऊन सॉकेटला लावायची. थेंब त्या खालच्या वळणावर येऊन जमिनीवर पडतो, वर चढत नाही. यासाठी सॉकेट भिंतीवर, टाकीच्या बाजूला हवं. कपाटाच्या आत, संपच्या वर मुळीच नको. जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड तर नाहीच नाही.

आमच्या टाकीचा लोड असा आहे: पंप, लाइट आणि एअर पंप मिळून अडीचशे वॅटच्या आत, थंडीत ३०० वॅटचे दोन हीटर. एकाच वेळी सगळं चाललं तर साडेआठशे वॅट, म्हणजे ४ अँपिअरच्या आत. आकडा मोठा नाही, पण तो तासन्‌तास अखंड चालतो, आणि सैल सॉकेट अशाच लोडनं तापून काळं पडतं. म्हणून मीटरजवळच्या बोर्डापासून टाकीसाठी २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन ओढून घेतली, वेगळ्या एमसीबीवर. आणि तिच्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसाला शॉक बसताना लाइन तोडते ती आरसीसीबी. एक असली म्हणून दुसरी टाळता येत नाही.

आरसीसीबी बसवली त्या दिवशी नवाच त्रास सुरू झाला. पंपाचं बटण दाबलं की ती खटकन पडायची. सगळे म्हणाले, पीस खराब आहे, बदलून आणा. पीस चांगला होता. वायरमननं टाकीच्या सॉकेटला फेज आरसीसीबीतून दिला होता आणि न्यूट्रल मात्र जवळच्या पंख्याच्या बोर्डातून उचलला होता. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट मोजत असते. गेलेला करंट दुसऱ्याच वाटेनं परतला की तिला वाटतं गळती आहे. इन्व्हर्टर असलेल्या घरांत हे फार वेळा होतं, कारण इन्व्हर्टरची लाइन काढताना बरेच जण नुसता फेज वेगळा करतात आणि न्यूट्रल सगळ्यांचा एकत्र ठेवतात. टाकीच्या लाइनचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच आरसीसीबीतून गेले पाहिजेत, आणि त्या न्यूट्रलला पुढे दुसरं काही जोडायचं नाही.

नंतर डिसेंबरात ती पहाटे पडू लागली. रोज नाही, थंडी जास्त असली की. धुळे-जळगावला पारा दहाच्या खाली जातो तेव्हाच हीटर सलग चालतात, तिथून संशय आला. एकेक उपकरण काढून पाहिलं तर एका हीटरच्या काचेला केसासारखी चीर गेली होती. संपमधली पातळी खाली गेल्यावर तो अर्धा उघडा पडून तापला असणार आणि वर पाणी आल्यावर तडकला. हीटर आता मधल्या कप्प्यात आडवे लावलेत, तिथली पातळी पंप बंद असो की चालू, खाली जात नाही. आणि हीटरची आरसीसीबी वेगळी केली, पंपाची वेगळी. नाहीतर पहाटे हीटर बिघडायचा आणि त्याच्यापायी पंप व हवा बंद होऊन मासे गुदमरायचे.

हे सगळं करूनही अर्थिंग नसेल तर काम अर्धंच. पाण्यात हात घातल्यावर बोटांना झिणझिण्या आल्या तर ती टाकीची सवय समजू नका. आमच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये वरच्या पिनेला वायरच जोडलेली नव्हती. ती जोडल्यावर अंगणातला अर्थिंगचा खड्डा पाहिला. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते, पाइपाभोवती बोटभर फट पडते, अर्थिंग नावापुरतं उरतं. मार्च ते जून आम्ही त्या खड्ड्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओततो आणि वर्षातून एकदा वायरमनकडून मीटर लावून मोजून घेतो. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबतेच, पण ते फक्त आतली यंत्रणा तपासतं. अर्थिंग आहे की नाही ते त्यातून कळत नाही.

इन्व्हर्टरवर फक्त पंप आणि एअर पंप ठेवलेत, दोन्ही मिळून ८० वॅटच्या आसपास. १५० एएचच्या बॅटरीवर ते रात्रभर आरामात चालतात, अट एवढीच की कुणी त्याच लाइनवर फ्रिज लावायचा नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर पंप घुमतो आणि तापतो. उन्हाळ्यात पंप बंद पडणं जास्त जिवावर येतं, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम, ३२ अंशांना ७.३. मासे मात्र गरम पाण्यात जास्त श्वास घेतात. मेमधल्या दुपारी दोन तास पंप बंद राहिला तर ऑस्कर पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतो. ते पाहवत नाही. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप लाइट जाताच स्वतः सुरू होतो, तोही एक ठेवलाय.

नवीन टाकी लावणाऱ्यांना माझी विनंती आहे की मासे आणण्याआधी पाणी भरून आठ दिवस हे करा. संपच्या काचेवर चिकटपट्टी लावा आणि चालू पातळीची खूण करा. मग मेन स्विच बंद करा (पंप इन्व्हर्टरवर असेल तर तोही), पाणी थांबेपर्यंत वाट पाहा, दुसरी खूण करा. पुन्हा चालू करा, पाइप किती वेळात धरतो ते घड्याळात पाहा. दिवसातून तीन-चार वेळा करा, कधी दहा मिनिटांनी, कधी तीन तासांनी. एकदा नोझलचं भोक मुद्दाम बोटानं बंद ठेवून करा. हात पाण्यात असेल, म्हणून मेन स्विच बंदच हवा. एकदा खाली येणारा पाइप बुचानं बंद करून पंप चालू ठेवा आणि कपाटापाशी फडकं घेऊन बसा.

आमच्या संपवर ती चिकटपट्टी अजून आहे. खालच्या रेघेवर 'चालू', वरच्या रेघेवर 'बंद' आणि त्याच्याही वर लाल पेनानं 'इथे पाणी आलं तर मेन स्विच आणि इन्व्हर्टर बंद करा, मग पुसा' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं.